तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर सिक्युरिटीला गिऱ्हाईक आहे का? दोन लाख घालू की नको

दुकान_तहसील_रोड

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. १७ वर्षं झाली. टोनर भरण्यापासून सुरुवात केली, आता जिनिंग, दालमिल, कृषी केंद्रं, दोन दवाखाने, तीन पतसंस्था, सेतूवाले असं साठेक ठिकाणचं काम येतं. मशीन मोजल्या तर दोनशेच्या आत-बाहेर. हाताखाली आयटीआय झालेला एक पोरगा आहे. मृगाच्या पहिल्या आठवड्यात विजा कडाडायला लागल्या की अजून एक लागतो. त्या आठवड्यात जेवढे मदरबोर्ड उडतात त्यावर माझं सहा महिन्यांचं दुकानभाडं निघतं. असो.

परवा नागपूरहून, सीताबर्डीतून, एका वितरकाचा माणूस आला होता. चहा घेतला, लॅपटॉप उघडला, आलेख दाखवले. जगात सिक्युरिटीवर इतके अब्ज डॉलर, भारतात इतके, रेघ आपली वरच चढलेली. म्हणे, "दादा, किती दिवस एसएमपीएस, म्हणजे मशीनचे पॉवर सप्लाय, बदलत बसता? पुढचा धंदा हाच आहे." स्कीम अशी की दोन लाखांचा माल उचलायचा. त्यात अँटिव्हायरसच्या बिझनेस एडिशनच्या लायसन्स, चार फायरवॉलचे डबे (इंटरनेटवरून नको ते आत येऊ न देणारे), आणि दुकानावर लावायला 'अधिकृत भागीदार' असा चकचकीत बोर्ड. बायकोनं आतून ऐकलं. तो गेल्यावर एवढंच म्हणाली, "बोर्ड पाहून कोण येनार हाये?"

तोच प्रश्न मलाही आहे. आमच्याकडचा माणूस कशावर पैसे काढतो ते मी १७ वर्षं बघतो आहे. इन्व्हर्टरला काढतो, स्टॅबिलायझरला काढतो, कॅमेऱ्याला तर हसत काढतो. एका दालमिलवाल्यानं १६ कॅमेरे बसवले, त्यातले दोन स्वतःच्या बंगल्याकडे तोंड करून, आणि त्याच माणसाच्या ऑफिसात टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेली, विंडोज क्रॅक केलेली. लायसन्स घ्या म्हटलं तर, "चालू तर हाये ना बाप्पा!" अँटिव्हायरसची मुदत संपली की लाल चौकोन येतो, तो चौकोन बंद कसा करायचा हे विचारायला फोन येतो. मुदत वाढवायला नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी त्या वितरकाला लगेच नाही म्हटलं नाही.

गेल्याच्या मागच्या सीझनला, डिसेंबरात, सकाळी सव्वासातला एका जिनिंगच्या दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, टॅली उघडून नाही राह्यली. फायलीचे नावंच बदलले." मी गाडी काढली. गेटबाहेर कापसाच्या वीस-पंचवीस गाड्या, काट्यावरचा कॉम्प्युटर गप्प, हमाल शेकोटीपाशी. ऑफिसातल्या मशीनवर प्रत्येक फाइलच्या मागे सात-आठ अक्षरांचं शेपूट लागलेलं आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी: बिटकॉइन द्या, किल्ली घ्या. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचं तसलंच आलं तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होतो.

बॅकअप होता. एक डी ड्राइव्हवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पण ती डिस्क चोवीस तास मशीनच्या मागे लटकलेली, त्यामुळे तीही गेली. शेवटी निघाला तो सीएकडे ऑडिटला दिलेला पेन ड्राइव्ह. त्यात सप्टेंबरअखेरचा डेटा. म्हणजे मुहूर्ताच्या काट्यापासूनचा सगळा सीझन गायब.

गठाणी आणि सरकीची विक्री बरीचशी परत मिळाली, कारण ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलं सरकारी पोर्टलवर होती. पण कास्तकाराकडून घेतलेल्या कापसाचं काय? त्यावर जीएसटी रिव्हर्स चार्जनं, खरेदीदारानंच भरायचा. २०१७ च्या नोव्हेंबरपासून तसंच आहे. शेतकरी काही बिल अपलोड करत नाही, म्हणून पोर्टलवर त्याचं नावनिशाण नसतं. ती नोंद फक्त काटापावतीत. पांढरी प्रत कास्तकाराला, गुलाबी गेटवर, पिवळी कार्बनची ऑफिसात खिळ्याला. त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवरून आम्ही चार जणांनी अकरा रात्री बसून दोन हजारांच्या वर पावत्या परत चढवल्या. एकीचा कोपरा उंदरानं खाल्लेला. वजन दिसे, नाव दिसेना. दिवाणजींनी गाडीच्या नंबरावरून माणूस शोधला, पारवा गावाकडचा निघाला, आणि त्याचं चुकाऱ्यापैकी निम्मं देणं बाकी होतं. बिचाऱ्याला कळलंही नाही की त्याचे पैसे एका उंदरापायी अडकले होते.

मला काय मिळालं? चार हजार रुपये आणि सरकीच्या ढेपेचं एक पोतं. आणि एवढं झाल्यावर मालकानं पहिला खर्च कोणता केला असेल? "भाऊ, ऑफिसात अजून चार कॅमेरे लावून टाक."

तर सांगा. हा बाजार आमच्याकडे येतो आहे का? की तो आलेख मुंबई-बंगळुरूचा आणि मी उगाच दोन लाख फसवतो?

वऱ्हाडातून_हिंजवडी

भाऊ, मी मूळचा दारव्ह्याकडचा, पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. तुमच्या पोस्टवर दुपारचा डबा थंड झाला.

आलेख खोटा नाही. गार्टनर या बाजाराचे अंदाज काढणाऱ्या कंपनीचा २०२५ चा अंदाज जगभराचा साधारण २१३ अब्ज डॉलर होता, भारताचा ३.३ अब्ज, आदल्या वर्षापेक्षा १६ टक्क्यांच्या वर वाढ. रुपयात २८ हजार कोटींच्या आसपास. पण हे पैसे काढतं कोण? मी दहा वर्षं कोटेशनं बनवतो आहे, त्यावरून सांगतो: ज्याच्या मानेवर कोणीतरी बसलेलं आहे तो. बँकेच्या मानेवर रिझर्व्ह बँक. आयटी कंपनीच्या मानेवर तिचं अमेरिकेतलं गिऱ्हाईक, ते दरवर्षी शंभर प्रश्नांची यादी पाठवतं. सर्ट-इननं, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेनं, २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की घटना कळल्यापासून सहा तासांत कळवा आणि लॉग, म्हणजे मशीनवर कोण कधी आलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवा, त्यानंतर आमच्याकडे लॉग साठवण्याच्या ऑर्डरी धडाधड आल्या. तोवर तीच माणसं "पुढच्या वर्षी बघू" म्हणत होती. तुमच्या दालमिलवाल्याच्या मानेवर कोणी नाही, आणि त्या रेघेत तो धरलेलाही नाही.

स्कीमबद्दल स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तो तुम्हाला बाजार दाखवून स्वतःचा स्टॉक विकतो आहे. लायसन्स ऑनलाइन तुमच्या खरेदीभावाच्या खाली मिळते, गिऱ्हाईक तुमच्यासमोर मोबाइलवर भाव काढून दाखवेल. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो, आणि पाच मशीनच्या ऑफिसाला तो नीट चालू ठेवला तर बऱ्यापैकी पुरतो. फायरवॉलचा डबा तर आणखी अवघड. त्याला दरवर्षी सबस्क्रिप्शन लागतं. पहिल्या वर्षी मालक घेईल, दुसऱ्या वर्षी म्हणेल डबा तर चालूच आहे. तिथून पुढे तो महागडा राउटर.

दवाखान्यांना डेटा संरक्षण कायद्याची भीती घालून विकायचं, असंही त्यानं सुचवलं असेल. २५० कोटींपर्यंतचा दंड कायद्यात आहे हे खरं. पण कायदा २०२३ चा, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेले आहेत. आज तालुक्याच्या डॉक्टरसमोर २५० कोटी म्हणालात तर ते हसतील आणि तुमचा शब्द जाईल.

एक विचारतो. एवढं सगळं लिहिलंत, पण ते आत आलं कुठून? तेवढंच राहिलं.

दुकान_तहसील_रोड

राहिलं नाही साहेब, गाळलं होतं. आता विचारलंच आहे तर लिहितो.

दार मीच उघडलं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अकाउंटंट यवतमाळला अडकला होता. त्याला घरून टॅली दिसावी म्हणून मी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून मशीन वापरायचा, ३३८९ पोर्ट उघडून दिला. कॅमेऱ्यासाठी स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा पत्ता, आधीच घेतलेला होता, दहा मिनिटांचं काम. पासवर्ड जिनिंगच्या नावापुढे १२३. लॉकडाऊन उठला, अकाउंटंट परत आला, पोर्ट तसाच. चार वर्षं. त्या सकाळी मी लॉग उघडून पाहिला तर रात्रभर परदेशातल्या आयपींवरून पासवर्ड लावून बघितलेले, ओळीच्या ओळी, आणि पहाटे तीनच्या सुमारास एक लागला.

मालकाला मी हे त्याच दिवशी सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू सांगतलं नसतं तर मले कधी समजलं असतं?" मी म्हटलं, नाही. त्यांनी काम काढून घेतलं नाही, पण चार हजारांवर मी वाद का घातला नाही हे आता तुमच्या लक्षात येईल.

कारकून_नागरी_बँक

मी एका नागरी सहकारी बँकेत आहे, अमरावती विभागात, नाव सांगत नाही. हिंजवडीवाले म्हणतात ते मानेचं अगदी बरोबर.

आमचं संचालक मंडळ साध्या यूपीएसच्या बॅटरीवर तीन बैठका घेतं. पण २०१८ मध्ये ऑगस्टच्या दोन-तीन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी गेले, आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं नागरी बँकांना चार पातळ्या लावून दिल्या. ज्या बँकेची डिजिटल सेवा जास्त, तिच्यावर अटी जास्त. तेव्हापासून 'रिझर्व्ह बँकेचं पत्र आहे' एवढं वाक्य टिपणीत आलं की सह्या होतात. मग २०२५ मध्ये वेबसाइटचा पत्ता बँक डॉट इन वर न्यायचा होता, ऑक्टोबरअखेर मुदत, तोही खर्च एका बैठकीत मंजूर. तुमच्या व्यापाऱ्यांचंही तेच बघा: १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलला सगळ्यांना ओटीपी लागतो. कोणाला हौस होती? गाडी गेटबाहेर निघेना म्हणून सगळ्यांनी केलं.

पण भाऊ, तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. ऑडिट करायला सर्ट-इनच्या यादीतली फर्म लागते, ती पुण्या-मुंबईहून येते, दोन दिवसांत पैसे घेऊन जाते आणि मागे ४० पानांचा अहवाल ठेवते. इंग्रजीत. 'शाखेतल्या मशीनवर पेन ड्राइव्ह बंद करा, जुने युजर काढा, अपडेट टाका, मालमत्तेची यादी ठेवा, वापरात नसलेले सॉफ्टवेअर काढा.' हे करणार कोण? सात शाखा, त्यातल्या चार तालुक्याबाहेर, आणि आयटी विभाग म्हणजे मी आणि एक शिपाई ज्याला प्रिंटरचा कागद अडकला तर काढता येतो. गेल्या वर्षी त्रुटींची पूर्तता करायला आम्ही नागपूरचा माणूस आणला. एका फेरीचे सहा हजार, वर जेवण, वर गाडी. तो येऊन जे करून गेला ते तुमचा आयटीआयचा पोरगा डोळे मिटून करेल. ज्या बँकेला ऑडिट लागू आहे तिच्याकडे जा आणि 'अहवालातल्या त्रुटी पुऱ्या करून देतो' एवढंच म्हणा. सिक्युरिटी हा शब्दही काढू नका.

पतसंस्थांचं वेगळं. त्यांच्यावर रिझर्व्ह बँक नाही, सहकार खातं आहे, आणि लेखापरीक्षकाची नजर थकबाकीवर असते, कॉम्प्युटरवर नाही. तिथे भोक पिग्मी एजंटच्या, म्हणजे रोजची बचत गोळा करणाऱ्याच्या, मोबाइलमधून आहे. आमच्याच एका एजंटला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, एपीके फाइल, म्हणजे उघडली की ॲप बसवणारी. लग्नसराई, त्यानं उघडली. त्याचे एसएमएस दुसरीकडे जायला लागले आणि स्वतःच्या खात्यातले ३८ हजार गेले. नशीब चांगलं म्हणून तासाभरात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला आणि त्यातले बरेचसे पुढच्या खात्यात अडकून राहिले.

गठाण_१७०

मी जिनिंगवाला. वरचं सगळं वाचून काढलं. आमच्या नावानं हसून घेतलं, हसा.

पण आमची बाजू ऐका ना राजेहो. २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ होतं. बाहेरचा कापूस आला, सूतगिरणीवाला आमच्या गठाणीला भाव देऊन नाही राह्यला. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११०, खासगीत तेवढा कोणाला परवडते? कापूस सगळा सीसीआयकडे, सरकारी कापूस महामंडळाकडे. आमची मशीन सीसीआयच्या भाड्यावर फिरते म्हणून बरं. अशात कोणी येऊन सांगते, शेटजी, फायरवॉल घ्या साठ हजाराची. ती दिसते का? आवाज करते का? कॅमेरा तरी दिसते. चोर कॅमेऱ्याकडे पाहते आन् परत जाते.

माझ्याकडे एक पोरगा असाच आला होता. अर्धा घंटा इंग्रजी बोलला. मी त्याला विचारलं, बाबू, माझा काटा बंद पडला तर किती वेळात चालू करशील? तो म्हणे, हे आमच्या स्कोपमध्ये नाही. मग कायले आलास?

आमचा हिशोब साधा आहे. सीझनला एक दिवस काटा बंद म्हणजे कास्तकार गाडी घेऊन समोरच्या जिनिंगमध्ये जाते, आन् एकदा गेला की त्याचा मामा-साळा पण तिकडेच जाते. तू मला लिहून दे, की काही झालं, वीज पडो का तुमचा तो व्हायरस येवो, चार घंट्यात काटा आणि कालपर्यंतचा हिशोब परत. त्याचे मी वर्षाचे दहा हजार एका हातानं देतो. पण नोव्हेंबर ते मार्च दुकान बंद ठेवून लग्नाला जायचं नाही.

वणी_रोडचा_पार्टनर

मी पण दुकानवालाच आहे, २००९ पासून. गठाणवाले शेटजी दहा हजार देतो म्हणतात, मार्चनंतर विचारा. आमच्याकडे वार्षिक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे वार्षिक उधारी. मी तीन वर्षं करून पाहिलं. सुरुवातीला ११ गिऱ्हाईकं, दुसऱ्या वर्षी पैसे देणारी चार. आता अर्धे आगाऊ घेतल्याशिवाय हात लावत नाही, आणि दिवाळीच्या आत घेतो. लक्ष्मीपूजनाच्या वहीत पहिल्या पानावर नोंद झाली की पैसा निघतो. एकदा पाडवा गेला की मालक म्हणते, आता सीझन संपू द्या.

मला वेगळीच भीती वाटते. दुकान_तहसील_रोड भाऊ, तुमच्या दोनशे मशीनवर एनीडेस्क, दुकानात बसून दुसऱ्याची मशीन चालवायचं सॉफ्टवेअर, असेलच. पासवर्ड एकच आहे ना सगळ्यांना? माझा होता. आणि गिऱ्हाइकांच्या जीएसटी पोर्टलचे, ईमेलचे पासवर्ड कुठं ठेवता? मी दुकानाच्या डायरीत ठेवायचो, आणि डायरीचा फोटो पोराच्या व्हॉट्सॲपवर. २०२४ च्या जुलैअखेरीस देशातल्या तीनशेच्या आसपास लहान बँकांचं यूपीआय-एटीएम एकदम बंद पडलं, आठवते? त्या बँकांमध्ये कोणी शिरलं नव्हतं. त्यांना सेवा देणाऱ्या एका कंपनीत रॅन्समवेअर घुसलं, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ती कंपनीच तोडून ठेवली. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप नाही आली. माझा एक लॅपटॉप बसस्टँडवर गेला असता तर अख्ख्या तालुक्याच्या तिजोऱ्या उघड्या.

सिक्युरिटी विकायच्या आधी मी माझंच दुकान साफ केलं. दीड महिना लागला. फुकट.

वऱ्हाडातून_हिंजवडी

वणीवाल्या भाऊंनी जे लिहिलं त्याला आमच्याकडे मोठमोठी नावं आहेत आणि त्याचा सल्ला द्यायला लोक तासाचे पैसे घेतात.

दुकानवाले भाऊ, एक काम करा. दोन लाख बाजूला ठेवा आणि फक्त मोजा. कोणत्या मशीनवर कोणती विंडोज आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले, एक वर्षाची जादा मुदत मिळते पण ती नोंदणी करून घ्यावी लागते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. तालुक्यातली किती यंत्रं त्यात बसतात? तो आकडा गार्टनरकडे नाही. तुमच्याकडे असू शकतो, आणि तुमचा बाजार त्या आकड्याएवढाच.

दुकान_तहसील_रोड

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, माफी. मोजत होतो.

१९४ मशीन. विंडोज ११ वर ३१. विंडोज १० वर ११८, त्यातल्या ४० ला ११ चढते, बाकीच्यांना नाही. विंडोज ७ वर ४३. आणि दोन काट्यांवर एक्सपी, कारण वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर आणि ते नऊ पिनचं केबल नव्या मशीनला धरत नाही. ती दोन मी नेटवरूनच काढली. काट्याला इंटरनेट कशाला पाहिजे? पोरगं तिथे बसून क्रिकेट बघत होतं, तेवढंच नुकसान.

बाहेरून उघडे पोर्ट सात ठिकाणी सापडले. पाच कॅमेरेवाल्यांनी उघडलेले, डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगच्या डब्याचा, पासवर्ड कंपनीचाच. उरलेले दोन माझे. हो, अजून दोन. एनीडेस्कचा पासवर्डही एकच होता, वणीवाल्या भाऊ, तुम्ही दुकानात येऊन पाहिल्यासारखं लिहिलंत. आता सगळे वेगळे केले, बाहेरून लावायचं असेल तर समोरच्यानं होकाराचं बटण दाबायचं. डायरी बायकोच्या कपाटात गेली आणि पोराच्या व्हॉट्सॲपमधले फोटो माझ्यासमोर पुसले.

वितरकाला नकार कळवला. त्यानं बोर्ड अर्ध्या किमतीत देतो म्हटलं.

त्याऐवजी बारा हार्ड डिस्का आणल्या, एक टीबीच्या. गिऱ्हाइकाला दोन द्यायच्या, मार्करनं 'सोम' आणि 'गुरु' लिहिलेल्या. सोमवारची लागली की गुरुवारची मालकाच्या घरी. दोन्ही एकाच वेळी ऑफिसात दिसल्या तर मी चहा पीत नाही, असं सांगून ठेवलं आहे. महिन्यातून एकदा मी जातो आणि दुसऱ्याच लॅपटॉपवर हिशोब उघडून दाखवतो. डिस्कांसकट वर्षाचे १४ हजार, पुढच्या वर्षापासून सहा, अर्धे आगाऊ. सहा जण तयार झाले. त्यातला एक दालमिलवाला. मी त्याला फक्त मोजणीचा कागद दाखवला आणि त्याच्या १६ कॅमेऱ्यांचं चित्र माझ्या मोबाइलवर, पासवर्ड न विचारता. एक दवाखाना. आणि कारकून साहेबांनी सांगितल्याप्रमाणे एका नागरी बँकेच्या शाखेत जाऊन आलो; अहवाल दाखवायला ते तयार नाहीत, पण 'त्रुटी' म्हटल्याबरोबर व्यवस्थापकांनी खुर्ची दिली. मार्चअखेर बोलावलं आहे.

सहावी ती जुनी जिनिंग. मालक म्हणाले, पैसे देतो पण दिवाणजींना पटलं पाहिजे. परवा गेलो, गुरुवारची डिस्क मालकाच्या घरून मागवली, माझ्या लॅपटॉपला लावली, टॅली उघडली. दिवाणजी म्हणाले, "कालचं नको दाखवू. त्या उंदरानं खाल्लेल्या पावतीचं काढ." काढलं. पारव्याचा माणूस, गाडी नंबर, १४ क्विंटल ३५ किलो. त्यांनी ड्रॉवरमधून ती पिवळी चिठ्ठी काढली. त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली, मला माहीतच नव्हतं. चष्मा कपाळावर चढवून दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि मालकाकडे बघून मान हलवली.

आता एक मदत करा. चार घंट्यात काटा चालू करून देण्याचं गठाणवाले शेटजी म्हणतात तसं लिहून द्यायचं तर मी काय-काय लिहू आणि काय लिहू नये? वीज पडून मशीनच जळली तर ती जबाबदारी कोणाची, हे त्यात आलं पाहिजे. कोणाकडे नमुना असेल तर टाका. मराठीतला पाहिजे, आमचे मालक इंग्रजी कागदावर सही करत नाहीत.